ओसी घेतली का?

परवा रात्री एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला. मेसेज कसला, नुसता फोटो. एक अर्ज, त्याच्यावर तिरका निळा शिक्का, शिक्क्यात पेनाने टाकलेला आवक नंबर आणि तारीख, आणि फोटोखाली एवढंच, "मॅम, ओसी घेतली." पोरगा आता नाशिकच्या अंबडला एका कंपनीत शिफ्ट करतो, घराजवळच्या गल्लीतले दिवे दोन महिने बंद होते म्हणून अर्ज द्यायला गेला होता. दिवे लागले की नाही ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, पण त्याच्या रिझल्टच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद मला त्या शिक्क्याने झाला, खरं सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओसी म्हणजे ऑफिस कॉपी. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक तिथे द्यायची आणि दुसरीवर मिळाल्याची सही आणि शिक्का घ्यायचा, तोच आपला पुरावा. सरकारी ऑफिसच्या ज्याने चकरा मारल्यात त्याला हे झोपेतसुद्धा माहितीये. पण तीन वर्षं राज्यघटना, मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं वगैरे सगळं शिकून बीए होणाऱ्या पोराला माहीत नसतं, आणि लपवायचं कशाला, पस्तिशीपर्यंत मलाही माहीत नव्हतं. राज्यशास्त्र शिकवत होते तरी.

मी नाशिकच्या एका कॉलेजात शिकवते. आधी काही वर्षं एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, कार्यक्रम अधिकारी होते, आता नव्या शैक्षणिक धोरणात कम्युनिटी एंगेजमेंट नावाचं २ क्रेडिटचं प्रकरण आलंय ते माझ्या गळ्यात आहे. त्याच्या कागदांत एके ठिकाणी 'अ‍ॅडव्होकसी' असा शब्द होता. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅम, हे एलएलबीसारखं आहे का?" सगळे हसले, पण प्रश्न बरोबरच होता ना. मराठीत काय म्हणणार याला? वकिली म्हटलं की काळा कोट डोळ्यापुढे येतो, पैरवी म्हटलं की संस्थावाल्यांच्या कार्यशाळेचा वास येतो. मी पटकन बोलून गेले, "ज्याचं काम अडलंय त्याच्यासोबत हेलपाटे घालायचे", आणि मग वर्षभर आमची व्याख्या तीच राहिली. विद्यापीठाला चालेल का माहीत नाही, आम्हाला चालली.

एनएसएसबद्दल माझं वाईट मत नाही हे आधीच सांगते. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली आणि वर्षाला १२० तास आणि ७ दिवसांचं शिबिर यातून कितीतरी पोरं घडली, त्यातली एक मीसुद्धा. पन्नास जणांची खिचडी करपू न देता कशी करायची हे मी शिबिरातच शिकले. पण सेवा करणं आणि एखाद्याच्या हक्कासाठी उभं राहणं यात फरक आहे, आणि तो मला एका ब्लँकेटने शिकवला.

झालं असं की पहिल्या वर्षी डिसेंबरात आम्ही पंचवटीत मजुरांना ब्लँकेट वाटली. नाशिकची थंडी माहितीये तुम्हाला. पोरांनी वर्गणी काढली, मी दोन हजार घातले, बॅनर केला, कारण बॅनर आणि जिओटॅग फोटो नसेल तर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलीत तो कार्यक्रम झालेलाच नसतो. एक म्हातारी बाई पुढे आली, ब्लँकेट घेतली, आणि फोटो काढणारा पोरगा म्हणाला आजी इकडे बघा ना, बॅनर येत नाहीये, परत एकदा. तिने ब्लँकेट परत दिली. परत घेतली. मग कोणीतरी मधे आलं म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ठेवू का आता?"

तो फोटो आमच्या वार्षिक अहवालात आहे, रंगीत पानावर. मी अजून ते पान नीट उघडू शकत नाही.

तर त्यानंतर आम्ही वाटप बंद केलं आणि मजूर नाक्यावर जायला लागलो. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पावसाळा सरला आणि गावाकडचं भात-नागलीचं काम उरकलं की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, हरसूलकडची माणसं कामासाठी खाली उतरतात. काही जण टोळी करून दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत जातात, छाटणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, आणि बरेच जण शहरात बांधकामावर बिगारी म्हणून. सकाळी साडेसहा-सातला नाक्यावर उभं राहायचं, गाडी थांबली की सगळे धावतात, मुकादम बोट दाखवेल तो चढतो. नऊ वाजले की जे उरले ते उरले, त्यांचा तो दिवस गेला.

आमची पोरं गुगल फॉर्म घेऊन गेली. अठरा प्रश्न, मी स्वतः तपासलेले. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय, मासिक उत्पन्न. दोन दिवस सर्व्हे झाला आणि रात्री एक्सेल उघडून बघते तर व्यवसायाच्या कॉलमात ओळीने शेती, शेती, शेती. साठेक लोक बांधकामाच्या नाक्यावर उभे आणि आमच्या सर्व्हेप्रमाणे तिथे एकही बांधकाम मजूर नाही! खोटं बोलले का? मुळीच नाही. गावाकडे दीड एकर आहे, भाऊबंदकीतली, नाहीतर वनहक्काचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा, दावा टाकलेली, आणि माणूस स्वतःला शेतकरीच समजतो. इथलं काम म्हणजे काम, तो काही व्यवसाय नाही. चूक त्यांची नाही, प्रश्नाची.

ती चूक पकडली वर्गातल्या एका पोरीने. सुरगाण्याची, आदिवासी विकास विभागाच्या होस्टेलला राहणारी, वर्गात एरवी तोंड न उघडणारी. नाक्यावर दोन्ही दिवस ती तोंडाला स्कार्फ बांधून सगळ्यात मागे उभी होती, मला वाटलं थंडीमुळे. तिसऱ्या दिवशी कॉलेजात येऊन म्हणाली मॅम, व्यवसाय विचारू नका, आवणी, म्हणजे भाताची लावणी, झाल्यावर कुठे असता आणि द्राक्ष संपल्यावर कुठे असता असं विचारा, बरोबर सांगतील. तुला कसं माहीत? तर म्हणाली, त्या नाक्यावर माझे मामा उभे राहतात. म्हणून स्कार्फ.

मी त्यावर काही भाषण केलं नाही, वर्गात कोणाला सांगितलंही नाही, तिची परवानगी घेऊनच आज इथे लिहितेय, तेही नाव न घेता. पण त्या दिवसापासून 'आपण समाजात जाऊ या' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. जायचं कुठे, समाज तिसऱ्या बाकावर बसलाय आणि आपण त्याला हजेरीचा नंबर दिलाय. नवा फॉर्म तिनेच केला, अठराचे सात प्रश्न झाले, त्यातले दोन आम्ही तिकडच्या कोकणा आदिवासींच्या कोकणी बोलीत विचारले, म्हणजे तिने विचारले आणि आम्ही ऐकले.

मग पोरांनी शोधून काढलं की बांधकाम कामगारांसाठी तेव्हा १९९६ चा कायदा होता, बांधकामाच्या खर्चावर निदान १ टक्का सेस म्हणजे उपकर घ्यायचे, त्यातून योजना चालायच्या, नोंदणी करायची, वय १८ ते ६० पाहिजे आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र. पोरं खूश, सोप्पं आहे मॅम, शंभर लोकांची नोंदणी करून टाकू! आणि मग गाडी अडली त्या ९० दिवसांवर. नाक्यावरच्या माणसाने नव्वद नाही दीडशे दिवस काम केलेलं असतं, पण ते चाळीस वेगवेगळ्या मालकांकडे, कोणाकडे दोन दिवस स्लॅबला, कोणाकडे अर्धा दिवस माती उचलायला, ज्यांची नावंही त्याला माहीत नाहीत. सही कोण देणार? ठेकेदार म्हणतो माझ्याकडे चारच दिवस होता. ग्रामसेवक म्हणतो काम शहरात केलंस, तिकडून आण, आणि शहरात म्हणतात गावचा आहेस ना. सगळ्यांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर, आणि माणूस मधल्या मधे. कायदा नीट, योजना नीट, पैसा जमा, आणि मजूर आहे तिथेच, हे मला पुस्तकातून कधी शिकवता आलं नसतं. वर्गात पोरांना विचारलं, आता सांगा अन्याय नेमका कोणी केला? बराच वेळ कोणी बोलेना. एक म्हणाला, "मॅम, कोणीच नाही, तरी झालाय." हे उत्तर मी अजून वापरते, त्याला न विचारता.

आता एक गोष्ट सांगायची आहे जी सांगायला मला आवडत नाही. एका जोडप्याचे आठ दिवसांचे पैसे एका ठेकेदाराने बुडवले होते. पोरं पेटली, मीही पेटले. त्या दोघांना विचारलं, व्हिडिओ करू का, ते हो म्हणाले, आणि आमच्या एका हुशार कार्ट्याने रील बनवलं, गाणं लावून, टेम्पोच्या नंबरप्लेटसकट, न्याय मिळालाच पाहिजे असं लाल अक्षरात. दोन दिवसांत बऱ्यापैकी चाललं ते. तिसऱ्या दिवशी नाक्यावर दोन माणसं मोटरसायकलवर आली, कोणाला हात लावला नाही, शिव्या पण नाही, नुसतं उभं राहून विचारलं ते दोघं कुठे आहेत. ते दोघं त्या दिवशी आलेच नाहीत, नंतरही नाहीत. गावाकडे गेले असं कळलं. त्यांचे पैसे मिळाले का? नाही. आणि नाक्यावरचे बाकीचे लोक पुढचे दोन आठवडे आमची पोरं दिसली की तोंड फिरवायचे. आम्ही मात्र त्या दिवशीही घरी जाऊन जेवलो, पोरांनी रील डिलीट केलं, झालं.

हो म्हणाले होते ना ते? म्हणाले होते. पण कॉलेजच्या मॅडमनी विचारल्यावर नाही कोण म्हणतं. त्यानंतर आमचा नियम झाला, आज विचारायचं आणि दोन दिवसांनी परत विचारायचं, आणि विचारताना काय काय उलटू शकतं ते आधी सांगायचं, आणि चेहरा, नाव, गाडीचा नंबर काहीही बाहेर नाही. शूर असणं फुकट असतं जेव्हा किंमत दुसरा मोजणार असतो. पोरांना हे पटायला वेळ लागतो, कारण सगळीकडे त्यांना आवाज उठवा, आवाज उठवा एवढंच सांगितलेलं असतं.

आता पंचवटीत इतक्यांदा जातोच तर काळाराम मंदिराजवळही पोरांना नेते. २ मार्च १९३० ही तारीख सगळ्यांना पाठ असते, स्पर्धा परीक्षेमुळे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक मिरवणुकीने आले आणि मंदिराचे दरवाजे बंद होते, इथपर्यंत सगळे सांगतात. पुढे काय, म्हटलं की शांतता. पुढे तो सत्याग्रह कधी थांबत, कधी परत सुरू होत पाचेक वर्षं चालला आणि तेवढ्या काळात दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची धर्मांतराची घोषणा, तेही आपल्याच जिल्ह्यात. या सगळ्यात जो माणूस स्थानिक बाजू धरून होता तो म्हणजे आंबे दिंडोरीचे दादासाहेब गायकवाड, सत्याग्रह समितीचे चिटणीस, आणि बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं आज वाचायला मिळतात. मी पोरांना म्हणते, फोटोतली मिरवणूक एका दिवसाची असते रे, बाकीच्या दिवसांत कोणीतरी पत्रं लिहितो, वर्गणीचा हिशोब ठेवतो, कोणाला अटक झाली त्याच्या घरी जाऊन येतो. तुम्हाला त्यातलं कुठलं काम जमेल ते बघा. एकदा एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅम, हिशोबाचं." तो आता आमचा सगळ्यात कामाचा पोरगा.

तर नोंदणीचं घोडं अडलेलं असताना एका बाईने आमची दिशाच बदलली. आम्ही तिला ९० दिवसांचं समजावून सांगत होतो, तक्ता वगैरे घेऊन, आणि तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते व्हईल तवा व्हईल बाई, आधी मुतारीचं बघा." मुलं गडबडली. मुली नाही गडबडल्या. मग बाकीच्या बायका पण बोलायला लागल्या, की पहाटे पाचला घरून निघताना पाणी पीतच नाही, नाक्यावर जागा नाही, साइटवर जागा नाही, संध्याकाळपर्यंत तसंच, मग जळजळ, मग दवाखाना, मग दोन दिवसांची मजुरी बुडाली. आम्ही चार महिने नाक्यावर जात होतो. अठरा प्रश्नांत नाही, सातात पण नाही. कोणीच विचारलं नव्हतं. मी बाई असून.

अर्ज लिहायचं ठरलं. पहिला मसुदा पोरांनी केला तो चार पानी, सुरुवात घटनेच्या उद्देशिकेपासून, मधे कलम २१, शेवटी जय हिंद. मी म्हटलं हे वाचणारा क्लार्क सकाळपासून असे चाळीस कागद वाचतोय, त्याला काय पाहिजे ते पहिल्या तीन ओळींत सांग. माहिती अधिकाराच्या वेळी तर बरंच झालं, महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, त्यामुळे पोरं शब्द मोजायला शिकली. मराठीच्या मॅडम मला म्हणाल्या तुझ्या वर्गातली पोरं निबंध आटोपशीर लिहायला लागलीत, काय केलंस?

अर्ज कोणाच्या नावाने द्यायचा यावर मात्र वर्गात भांडण झालं. पुस्तकात असं असतं की ज्यांचा प्रश्न त्यांनीच बोलावं, आपण मागे उभं राहावं, आणि मलाही ते मनापासून पटतं. आम्ही बायकांना तसं सांगितलं, तुम्ही सह्या करा, अंगठे द्या, आम्ही सोबत येतो. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. म्हणाल्या, आमचा अंगठा तिथं कोन बघतो, आणि उद्या मुकादमाला कळलं तर गाडीत घेनार नाही. तुमच्या कॉलेजचा शिक्का हाय ना, तो मारा. झालं, आमच्या सबलीकरणाची हवाच गेली. पण बरोबर बोलत होत्या त्या. आमच्याकडे जे होतं ते म्हणजे एक लेटरहेड आणि एक गोल शिक्का, आणि त्यांना तेवढंच पाहिजे होतं, आमचं तत्त्वज्ञान नाही. प्राचार्यांना तयार करायला मला तीन चकरा पडल्या, पोरांना म्हटलं बघा, हेलपाटे घरापासूनच सुरू होतात.

ते ऑफिस कुठलं ते लिहीत नाही. पहिल्या दिवशी सांगितलं साहेब मीटिंगला आहेत. दुसऱ्यांदा सांगितलं हे आमच्याकडे येत नाही, वरच्या मजल्यावर द्या. वर सांगितलं खाली द्या. तिसऱ्या वेळी अर्ज घेतला पण शिक्का मारेनात, ठेवून जा म्हणाले, आणि ती सुरगाण्याची पोरगी काउंटरसमोर हलेना. हळू आवाजात, मान खाली घालून, पण हलेना. "ओसी पाहिजे सर." पंधरा मिनिटं. मागे रांग वाढली, लोक ओरडायला लागले, कोणावर ते सांगता येत नव्हतं, तिच्यावर की क्लार्कवर. मग त्याने शिक्का मारला. तिने नंबर बरोबर आहे का ते रजिस्टरात डोकावून तपासलं आणि मगच वळली. मी दारात उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की हिने हे आधी कुठेतरी पाहिलंय, वनहक्काच्या दाव्याच्या वेळी असेल, २०१८ च्या शेतकरी मोर्चात तिच्या घरचे नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेले. मी तिला शिकवत नव्हते, तीच बाकीच्यांना शिकवत होती.

मोठी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे सेमिस्टर. २ क्रेडिट म्हणजे ६० तास, ते संपले की मार्क भरायचे. माहिती अधिकाराचं उत्तर यायला ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील, त्याचे परत ३० ते ४५ दिवस, मधे दिवाळी, मधे परीक्षा, मधे निवडणुकीची आचारसंहिता. मजुराचा प्रश्न काही डिसेंबरात संपत नाही आणि बॅच तर संपते. म्हणून आम्ही एक फुलस्केप रजिस्टर केलं, दोनशे पानी, तपकिरी पुठ्ठ्याचं. कोण गेलं, कधी गेलं, कोण भेटलं, काय म्हणाले, आवक नंबर काय, पुढची तारीख काय. एक बॅच दुसऱ्या बॅचला ते देते आणि देताना नाक्यावर सोबत घेऊन जाते, ओळख करून द्यायला. गुगल ड्राइव्हवर का नाही असं विचारतात लोक. कारण ड्राइव्ह कोणी उघडत नाही, आणि रजिस्टर काखेत असलं की ऑफिसात लोक जरा नीट बोलतात, हा माझा अनुभव आहे.

मार्क कसे द्यायचे हा घोळ दर वर्षीचा. यश आलं की जास्त मार्क, असं केलं तर पोरं सोपे प्रश्न निवडतील. मी रजिस्टर बघून देते. कोणाच्या अक्षरात "आज काम झालं नाही" किती वेळा आहे, ते मोजते. विभागात यावर नाराजी आहे, असू दे.

आणि हो, अकरा महिन्यांनी, तिसऱ्या बॅचच्या वेळी, नाक्याच्या कोपऱ्यावर एक फिरतं शौचालय येऊन उभं राहिलं. निळ्या रंगाचं, पायऱ्यावालं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसता जल्लोष, जुन्या बॅचचे पण सगळे जागे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं पेढे घेऊन नाक्यावर गेली तर बायका तशाच रस्त्याच्या कडेला उभ्या, आणि शौचालयाच्या दाराला कुलूप.

रजिस्टरमधली शेवटची नोंद मागच्या मंगळवारची आहे, एफवायच्या एका पोराच्या अक्षरात, अक्षर वाईट आहे पण वाचता येतं: "कुलूप आहे. चावी कोणाकडे ते दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी एकमेकांचं नाव सांगितलं. सकाळी ६ ला उघडावं म्हणून अर्ज दिला. ओसी घेतली. परत गुरुवारी."